चिल्लरीतला चांदा

येलदरी धरणाच्या काठावर पहाटे जाळी रिकामी होतात, तेव्हा आधी मोठ्या माशांची वाटणी होते. कटला एका बाजूला, रोहू आणि मृगळ दुसऱ्या बाजूला. मरळ जिवंत राहावी म्हणून पिंपात, वाम वेगळी. शिंगाळ्याचा काटा हाताला लागू नये म्हणून त्याला सांभाळून उचलतात. रस्त्यावर व्यापाऱ्याचा टेम्पो उभा असतो आणि बर्फ वितळत असतो, त्यामुळे सगळ्यांनाच घाई. हे सगळं उरकलं की ताडपत्रीवर एक ओला, चमचमता ढीग उरतो. त्यात बोटभर किंवा त्याहूनही लहान मासे, झिंगे, शेवाळाच्या गुंडाळ्या आणि एखादा शिंपला असतो. ही चिल्लर. ती टोपल्यात जाते, वाट्यानं विकली जाते, नाहीतर घरच्या कालवणाला किंवा वाळवणाला लागते. तिचं वजन होतं, पण नाव विचारलं जात नाही.

त्या ढिगातून मी एक मासा उचलला. जेमतेम दोन इंच लांबीचा, दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखा चपटा, पानासारखा रुंद. तळहातावर ठेवला तर त्याच्या शेपटीकडच्या भागातून माझ्या हाताच्या रेषा दिसत होत्या. पाठीचा कणा दिसत होता, त्याला लागून वर-खाली गेलेले बारीक काटे दिसत होते आणि त्यांच्यामधून पलीकडचा उजेड येत होता. पोटाच्या जागी फक्त एक रुपेरी पिशवी होती आणि डोक्यात एक मोठा काळा डोळा. मी बघत असतानाच तो हळूहळू बदलला. काचेवर वाफ धरावी तसा शेपटीकडून धुरकट होत गेला आणि थोड्या वेळात दुधासारखा पांढरा पडला. मेला होता. त्या ढिगात तसे शेकडो पांढरे पडलेले होते. पाण्यात असताना ते कसे दिसतात हे बाजारात मासे घेणाऱ्याला कळणंच शक्य नव्हतं.

हा काचमासा. भारताच्या गोड्या पाण्यात, गंगेच्या खोऱ्यापासून खाली गोदावरी-कृष्णेपर्यंत, तो नदीत, तलावात, कालव्यात, भातखाचरात सापडतो. परभणी जिल्ह्यात तो पूर्णेत आहे, दुधनेत आहे, गोदावरीवरच्या ढालेगाव, मुद्गल आणि डिग्रसच्या बंधाऱ्यांमागे साठलेल्या संथ पाण्यात आहे. १९६८ साली पूर्ण झालेलं जिंतूर तालुक्यातलं पूर्णेवरचं येलदरी धरण तर त्याला मानवणारंच आहे. त्याला उथळ काठ, पाणवनस्पती आणि पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव एवढं पुरतं. आपण पूर्णेचं पाणी पितो, तिच्या कालव्यावर ऊस आणि हळद पिकवतो. आणि त्याच पाण्यात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या या जिवाबद्दल आपल्याकडे सांगण्यासारखं जवळपास काही नाही. या लेखात मला ती उणीव थोडी भरून काढायची आहे.

काच कशी होते

जिवंत शरीर आरपार दिसणं ही निसर्गात अवघड गोष्ट आहे. प्रकाश एका पदार्थातून दुसऱ्या पदार्थात शिरताना वळतो आणि थोडा परततो. स्नायू, पडदे, चरबी, द्रव अशा वेगवेगळ्या घनतेच्या थरांनी शरीर बनलेलं असतं, म्हणून प्रकाश आत शिरताच सैरावैरा होतो आणि शरीर अपारदर्शक दिसतं. काचमाशानं यावर तीन उपाय केले आहेत. पहिला म्हणजे अंग पातळ ठेवलं. प्रकाशाला जितका कमी प्रवास, तितकी त्याची कमी फाटाफूट. दुसरा म्हणजे कातडीतल्या रंगपेशी अगदी थोड्या ठेवल्या, बारीक काळ्या ठिपक्यांपुरत्या. तिसरा म्हणजे स्नायूंचे तंतू इतके एकसारखे रचलेले की त्यांच्यातून प्रकाश फारसा न विखुरता पार होतो.

पण काही गोष्टी आरपार करताच येत नाहीत. खाल्लेलं अन्न पोटात दिसणारच. डोळ्याच्या मागच्या पडद्यात रंगद्रव्य नसेल तर डोळा पाहूच शकणार नाही. कल्ल्यात रक्त आहे आणि रक्त लाल आहे. म्हणून पोटाभोवती या माशानं ग्वानिन नावाच्या पदार्थाच्या सूक्ष्म स्फटिकांची रुपेरी पिशवी शिवली आहे. ती आरशाचं काम करते. भोवतालचं पाणी जसं दिसतं तसंच ती परत दाखवते, आणि भक्षकाच्या नजरेतून आतड्यातला काळा ऐवज निसटतो. म्हणजे अंगाचा अर्धा भाग काच आणि उरलेला आरसा. उथळ, उजेडाच्या पाण्यात, जिथे लपायला कपार नाही आणि वरून बगळा, खालून मरळ टपलेली आहे, तिथे ही युक्ती जीव वाचवते.

मासा मेला की ही रचना मोडते. प्रथिनं गोळा होतात, तंतूंची एकसारखी मांडणी बिघडते आणि प्रकाश पुन्हा विखुरायला लागतो. अंड्यातला स्वच्छ पातळ भाग तव्यावर पडताच पांढरा होतो, तसंच काहीसं. फॉर्मेलिनमध्ये ठेवल्यावरही हेच होतं. त्यामुळे महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांत आणि मोठ्या संग्रहालयांत काचेच्या बरण्यांत जे काचमासे ठेवलेले असतात, त्यांच्यातली काच आधीच गेलेली असते. बरणीत उरतात पांढरट, ताठ झालेले नमुने. या माशाचा अभ्यास दोनशे वर्षं प्रामुख्यानं अशाच नमुन्यांवरून झाला, हे पुढची गोष्ट वाचताना लक्षात ठेवावं लागेल.

एकाच ढिगातले दोघं

येलदरीच्या ताडपत्रीवर मी त्या दिवशी बराच वेळ बसलो. शेजारी जाळं झटकत असलेल्या मामांना हे मासे सगळे एकच का, असं विचारलं. त्यांनी क्षणभर ढिगाकडे पाहिलं आणि दोन मासे बाजूला काढून दिले. एक लांबट, एक रुंद. नावं त्यांना सांगता आली नाहीत, पण फरक त्यांच्या बोटांना माहीत होता. शास्त्रही नेमके हेच दोन वेगळे करतं.

लांबट माशाचं शास्त्रीय नाव चांदा नामा. तो चार इंचांपर्यंत वाढू शकतो. त्याचा खालचा जबडा पुढे आलेला असतो, आणि नीट पाहिलं तर त्यात सुळ्यांसारखे टोकदार दात दिसतात. खवले इतके बारीक की बोट फिरवूनही जाणवत नाहीत. रुंद, पतंगाच्या आकाराचा तो पॅराम्बासिस रंगा. त्याचे दोन्ही जबडे जवळपास सारखे, खवले त्या मानानं मोठे, आणि कल्ल्यामागे खांद्याच्या जागी एक उभा पुसट पट्टा. दोघांच्याही पाठीवर दोन पर असतात. पुढच्यात सात टणक काटे आणि त्याच्या मुळाशी, कातडीखाली दडलेला, तोंडाकडे रोखलेला आणखी एक काटा. हा उलटा काटा म्हणजे या सगळ्या घराण्याची खूण. तो डोळ्यांना दिसण्याआधी बोटाला टोचतो.

दोघांमधला खरा फरक मात्र त्यांच्या जेवणात आहे. रंगा हा पाण्यातले सूक्ष्म कवचधारी जीव, डासांच्या अळ्या, किड्यांची पिल्लं टिपतो. नामाही लहानपणी असंच खातो. पण वाढला की तो दुसऱ्या माशांचे खवले खातो. झुंडीतून जाणाऱ्या माशाच्या कुशीला धडक देऊन, पुढे आलेल्या जबड्यानं दोन-चार खवले खरवडून तो पसार होतो. ज्याचे खवले गेले तो मरत नाही. खवले पुन्हा येतात. खवल्यांवर चिकट श्लेष्म असतो, त्यात प्रथिनं आणि क्षार असतात, तेच त्याचं अन्न. जगात खवले खाऊन जगणारे मासे मोजकेच आहेत. आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरातल्या अशा माशांवर ग्रंथ लिहिले गेले. आपल्या नामावर २००४ साली ग्रुभ आणि वाइनमिलर या दोघांनी ‘कोपिया’ या नियतकालिकात निबंध लिहून वयानुसार त्याचं अन्न कसं बदलतं हे दाखवलं. खवले खाणाऱ्या माशांच्या त्या छोट्या यादीतला एक आपल्या घाटावरच्या टोपल्यात वाट्यानं विकला जातो.

प्रजनन पावसाळ्यात होतं. नदीला नवं पाणी येतं, काठचं गवत बुडतं, तेव्हा हे मासे उथळ पाण्यात येतात. रंगाच्या नराच्या परांच्या कडा त्या दिवसांत निळसर होतात. जोडी पाणवनस्पतीच्या पानांजवळ फिरत एका वेळी पाच-सहा अंडी सोडते, असं अनेकदा करते. अंडी चिकट असतात, पानाला धरून राहतात आणि साधारण एका दिवसात फुटतात. पिल्लं इतकी लहान की त्यांना डोळ्यांना न दिसणारं अन्न लागतं. ते अन्न नव्या पाण्यात, कुजलेल्या गवताभोवती भरपूर असतं. ज्या वर्षी पाऊस ताणतो आणि काठ कोरडे राहतात, त्या वर्षी ही साखळी पहिल्याच कडीला तुटते. २०१५-१६ च्या दुष्काळात मराठवाड्यातली धरणं मृतसाठ्यावर आली, तेव्हा माणसांच्या टँकरच्या रांगांची बातमी झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. चिखलात अडकलेल्या या माशांची झाली नाही.

नाव देणारे

चांदा हा शब्द बंगालीतून आला. चपट्या, गोल, रुपेरी माशाला तिथले कोळी चंद्रावरून चांदा म्हणत. तो शब्द शास्त्रात नेला फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश डॉक्टरनं. त्याचं आधीचं आडनाव बुखानन. कंपनी सरकारच्या चाकरीत असताना १८०७ ते १८१४ या काळात त्यानं बंगाल आणि बिहारची पाहणी केली, आणि जिथे जाईल तिथे मासळीबाजारातून मासे घेऊन स्थानिक चित्रकारांकडून त्यांची चित्रं काढवली. १८१५ मध्ये तो मायदेशी निघाला तेव्हा सरकारनं ती चित्रं त्याला नेऊ दिली नाहीत, याचं दुःख त्याला अखेरपर्यंत राहिलं. तरी १८२२ साली एडिंबरोत गंगेच्या माशांवरचा त्याचा ग्रंथ निघाला. त्यात चांदा नामा, चांदा रंगा, चांदा लाला ही नावं पहिल्यांदा छापली गेली. बंगाली कोळ्यांचे शब्द त्यानं लॅटिनच्या रांगेत तसेच बसवले.

हॅमिल्टनची चांदा ही पिशवी मात्र मोठी होती. चपटा आणि रुपेरी दिसला की मासा त्यात गेला. त्यानं चांदा म्हणून नोंदवलेला रुकोनियस नावाचा मासा आज अगदी वेगळ्या, खाडीत राहणाऱ्या माशांच्या कुळात आहे. दिसण्यातल्या सारखेपणावर वर्गीकरण उभारलं की अशी गफलत होते, आणि पुढच्या दोनशे वर्षांचं काम म्हणजे बऱ्याच अंशी ही पिशवी रिकामी करून पुन्हा भरण्याचं काम आहे.

१८२८ मध्ये पॅरिसला कुव्हियेनं याच माशांसाठी अम्बासिस हे नाव वापरलं. त्यानंतर दख्खनचा संबंध येतो. कर्नल विल्यम साइक्स हा मुंबई सरकारचा संख्याशास्त्रीय पाहणी अधिकारी १८२४ पासून दख्खनभर फिरत होता. त्यानं भीमा आणि तिच्या उपनद्यांतले मासे गोळा केले आणि १८३९ साली त्यांची वर्णनं छापली. साइक्सनं आपल्या लोकांच्या तोंडची नावं माशांना दिली. शिंगाळ्याचं सीनघाला, मळ्याचं मुल्या आजही जगभरच्या शास्त्रीय यादीत आहेत. मराठी शब्द शास्त्रात इतक्या संख्येनं नेणारा दुसरा माणूस आठवत नाही. त्याच लेखात त्यानं दख्खनच्या काचमाशाला अम्बासिस बार्लोवी असं नाव दिलं. पुढे लक्षात आलं की हा तर हॅमिल्टनचा रंगाच. आधी दिलेलं नाव राहतं, नंतरचं जातं, हा वर्गीकरणाचा नियम. त्यामुळे बार्लोवी हे आता पर्यायी नावांच्या यादीतलं एक नाव आहे. एकाच माशाला वेगळ्या नदीत पुन्हा नव्यानं शोधलं जावं, हेच सांगतं की त्याला ओळखणं किती कठीण होतं.

फ्रान्सिस डे या लष्करी डॉक्टरनं १८७५ ते १८७८ दरम्यान भारताच्या माशांवरचा महाग्रंथ काढला. त्यानं हे मासे अम्बासिसमध्येच ठेवले. त्यानंतर पिढ्यानपिढ्या आपल्या महाविद्यालयांत डेचाच ग्रंथ समोर ठेवून माशांची ओळख पटवली गेली. म्हणून मराठवाड्यातल्या जलाशयांवर निघालेल्या निबंधांत एकच मासा कुठे अम्बासिस रंगा, कुठे चांदा रंगा, कुठे पॅराम्बासिस रंगा म्हणून भेटतो. याद्या मांडून बसलं की तीन मासे असावेत असं वाटतं, आणि एखाद्या यादीत तर नाव बदलल्यामुळे एक मासा नाहीसा झाल्यासारखा दिसतो.

गुंता सोडवला टायसन रॉबर्ट्स यानं. १९९४ मध्ये त्यानं आशियातल्या गोड्या पाण्यातल्या काचमाशांची नव्यानं छाननी केली. दात, जबडा, खवले, काटे एकेक करून तपासल्यावर त्याचं म्हणणं असं झालं की नामा इतका वेगळा आहे की चांदा या वंशात तो एकटाच राहावा. रंगा, लाला आणि बाकीचे पॅराम्बासिस या वंशात जावेत. हे वंशनाम ब्लीकर या डच अभ्यासकानं १८७४ मध्ये दिलेलं होतं. म्हणजे येलदरीच्या मामांनी बोटांनी केलेली वाटणी शास्त्रात वंशपातळीवर पोहोचायला हॅमिल्टनपासून एकशे बाहत्तर वर्षं लागली.

घराण्याचा प्रश्न त्याहून मोठा होता. हे मासे कोणाचे नातेवाईक? बराच काळ त्यांना खाजरीच्या, म्हणजे जिताड्याच्या घराण्यात बसवलं जाई. आपल्या कोकण किनाऱ्यावरचा तो मोठा, रुचकर मासा आणि हा बोटभर काचेचा तुकडा, दोघांच्या पाठीवरच्या परांची ठेवण सारखी, एवढाच आधार. १९७६ मध्ये ग्रीनवुडनं ते घराणं तपासून काचमाशांना बाहेर काढलं. त्यांचं स्वतंत्र कुळ आज अम्बासिडी म्हणून ओळखलं जातं; त्यात सुमारे पन्नास जाती आहेत. बऱ्याचशा समुद्राच्या आणि खाडीच्या काठावर, काही ऑस्ट्रेलियात, काही आग्नेय आशियाच्या काळ्या पाण्याच्या ओढ्यांत. त्यांतल्या जिम्नोचांदा या वंशाला तर खवलेच नाहीत.

मग जनुकं वाचता येऊ लागली. २०१२ च्या सुमारास माशांच्या वंशावळीची नव्यानं मांडणी झाली तेव्हा काचमासे जिताड्यापासून खूप दूर, ओव्हॅलेंटारिया नावाच्या एका प्रचंड गोतावळ्यात सापडले. त्यात तिलापियाचं घराणं आहे, उडणारे मासे आहेत, बोय आहे, प्रवाळातले विदूषक मासे आहेत, गप्पी आहे. वरून पाहिलं तर कोणाचा कोणाशी मेळ नाही. जोडणारा धागा अंड्यात आहे. या गोतावळ्यातल्या बहुतेकांची अंडी चिकट असतात, तंतूंनी पानाला, दगडाला धरून ठेवतात. नाव पडलं तेही या अंड्यांवरूनच. पाठीच्या काट्यावरून जे नातं दोनशे वर्षं जुळलं नाही, ते पूर्णेच्या काठच्या बुडालेल्या गवताला चिकटलेल्या अंड्यानं जुळवलं.

बारवेतलं पाणी

माझ्या आजीच्या पोटरीवर एक लांब, सुरकुतलेला वण होता. लहानपणी मी त्यावर बोट फिरवत असे. नारूचा वण, ती म्हणायची. पायातून निघालेला दोरा रोज थोडा थोडा काडीला गुंडाळायचा, ओढायचा नाही. तुटला तर पाय सुजून सडायचा. पेरणीच्या दिवसांत माणूस महिनाभर घरात पडून राहायचा. ती हे सांगताना आवाज खाली आणायची.

नारू हा एक कृमी. त्याची मादी हातभर लांब होते आणि वर्षभरानं कातडी फोडून बाहेर येते. जखमेची आग शमवायला माणूस पाय पाण्यात बुडवतो, त्या क्षणी हजारो अळ्या पाण्यात जातात. तिथे सायक्लोप्स नावाचा, टाचणीच्या टोकाएवढा एक कवचधारी जीव त्यांना गिळतो. ते पाणी गाळल्याशिवाय जो पितो, त्याच्या पोटात पुढच्या वर्षीचा नारू जातो. ही साखळी चालायला पायऱ्यांनी उतरून, पायांसह पाण्यात उभं राहून घागर भरण्याची जागा लागते. म्हणजे बारव.

परभणी जिल्हा बारवांनी श्रीमंत आहे. सेलू तालुक्यातल्या वालूरच्या बारवेच्या पायऱ्या चक्राकार उतरत जातात. जिंतूर तालुक्यातलं चारठाणा तर मंदिरं आणि बारवेमुळे अभ्यासकांना खेचून घेतं. अलीकडे गावकऱ्यांनी या बारवा उपसून स्वच्छ करायला घेतल्या, ही फार आनंदाची गोष्ट आहे. पण देशात जिथे नारू होता, तिथे पायऱ्यांच्या अशाच विहिरी त्याचं घर होत्या. १९८४ मध्ये देशात महाराष्ट्रासह सात राज्यांत, १२,८४० गावांत ३९,७९२ रुग्ण नोंदवले गेले. मग हातपंप आले, पाणी कापडातून गाळायला शिकवलं गेलं, विहिरींत सायक्लोप्स मारणारं औषध टाकलं गेलं, गावोगाव रुग्ण शोधले गेले. १९९६ च्या जुलैत राजस्थानात शेवटचा रुग्ण सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. कोणतीही लस नसताना, औषधाची गोळी नसताना, फक्त पाणी सांभाळून एक रोग देशातून गेला.

या कामात माशांचाही विचार फार आधीपासून झाला होता. सायक्लोप्स खाणारे लहान मासे विहिरीत सोडावेत, हा उपाय रोगप्रतिबंधाच्या पुस्तकांत आहे; आणि सूक्ष्म कवचधारी जीव हेच काचमाशांचं मुख्य अन्न. काचमाशानं नारू संपवला असं मी म्हणणार नाही. तो संपवला आरोग्य सेवकांनी, हातपंपांनी आणि पाणी गाळणाऱ्या बायांनी. पण आजीच्या वणाकडे नेणारी जी साखळी होती, तिची मधली कडी हा मासा रोज, न बोलावता खात होता. तो काय खातो हे कळल्यावर ढिगातल्या त्या पांढऱ्या तुकड्याकडे मला पूर्वीसारखं पाहता आलं नाही.

तण

मत्स्यशेतीच्या पुस्तकांत काचमासा दुसऱ्याच प्रकरणात भेटतो. तळ्यात कटला, रोहू, मृगळाची बोटुकली सोडण्याआधी नको असलेले मासे काढून टाकावेत, त्यासाठी मोहाची पेंड टाकावी, असं तिथे लिहिलेलं असतं. आणि नको असलेल्यांच्या यादीत चांदा असतो. त्याला तणमासा म्हणतात. संवर्धनाच्या छोट्या तळ्यात हे बरोबरही आहे. तिथे खाद्य विकतचं आहे आणि त्यात वाटेकरी परवडत नाही. नामासारखा खवले खरवडणारा तर नकोच.

पण तळ्याचा हिशेब नदीला लावता येत नाही. नदीत हा मासा वनस्पतींचा सूक्ष्म ऐवज आणि मोठे भक्षक यांच्या मधला दुवा आहे. सूक्ष्म जीव तो खातो. त्याला मरळ खाते, वाम खाते, शिंगाळा खातो, येलदरीवर हिवाळ्यात उतरणारे पक्षी खातात. घाटावर ज्या मरळीला सगळ्यात जास्त भाव मिळतो, ती अशाच चिल्लरीवर पोसलेली असते. शिवाय ही चिल्लर डोक्यासकट, काट्यासकट खाल्ली जाते. बांगलादेशात अशा लहान माशांवर झालेल्या अभ्यासांनी दाखवून दिलं की अख्खा खाल्लेला बोटभर मासा कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्व देतो, ते मोठ्या माशाच्या तुकड्यातून तितकं मिळत नाही. भोयांच्या घरातल्या लेकरांना ते अजून मिळतं.

डासांच्या बाबतीत तर आपण आणखी एक गोष्ट विसरलो. हिवताप आणि डेंगीचा हंगाम आला की राज्यभर डबक्यांत गप्पी मासे सोडले जातात. गप्पी मूळ दक्षिण अमेरिकेचा. त्याच कामासाठी गॅम्बुसिया १९२८ मध्ये भारतात आणला गेला. तिलापिया १९५२ मध्ये आला आणि आज गोदावरीच्या जाळ्यात भरपूर येतो. नामा आणि रंगा दोघंही डासांच्या अळ्या खाणाऱ्या देशी माशांच्या याद्यांत आहेत. बंद टाकीत गप्पी सोडणं वेगळं. पण ज्या ओढ्याला, तळ्याला नदीचा संबंध आहे तिथे परका मासा सोडण्याआधी तिथे आधीपासून काम करणारा कोण आहे, हे पाहायला हवं.

काचमाशाच्या वाट्याला एक क्रूर प्रसिद्धीही आली. १९९० च्या दशकात शोभेच्या माशांच्या जागतिक बाजारात गुलाबी, हिरव्या, निळ्या चमकत्या रेघांचे मासे डिस्को मासा म्हणून विकले जात. ते होते आपलेच रंगा. पारदर्शक अंगात सुईनं रंग टोचलेला असे. काही महिन्यांत रंग उडायचा. त्याआधी बरेचसे मासे मरायचे, वाचलेल्यांना गाठींचा विषाणूजन्य रोग होण्याचं प्रमाण जास्त असायचं. ब्रिटनमधल्या ‘प्रॅक्टिकल फिशकीपिंग’ या मासिकानं १९९६ पासून त्याविरुद्ध मोहीम चालवली आणि अनेक दुकानांनी विक्री थांबवली. ज्या अंगातून उजेड सरळ जातो, त्यातही माणसाला रंग भरावासा वाटला.

ओळख

इतकं वाचून झाल्यावर मी पुन्हा येलदरीला गेलो. या वेळी सोबत काचेची लहान चौकोनी पेटी नेली. जाळं काठाला येताच जिवंत चिल्लरीतले चार मासे पाण्यासह त्यात घेतले आणि पेटी उन्हाच्या बाजूला धरली. नामा आणि रंगा शेजारी शेजारी. एकाचा पुढे आलेला जबडा, दुसऱ्याच्या खांद्यावरचा पट्टा, दोघांच्या कण्यातले चोवीस मणके मोजता येतील इतके स्पष्ट. पोटाची रुपेरी पिशवी वळताना आरशासारखी लखलखत होती. काठावरची पोरं भोवती जमली. त्यांतल्या एकीनं मणके मोजायला घेतले आणि मासा हलला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

मला यातून एकच मागणं मांडायचं आहे, आणि ते फार मोठं नाही. परभणी, जिंतूर, गंगाखेड, सेलू इथल्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्र शिकवलं जातं. शेजारच्या लातूर जिल्ह्यात उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक धरणाची आणि बंधाऱ्याची चिल्लर वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि पावसानंतर, बसून निवडावी. आजचं मान्य नाव आणि जुनी नावं शेजारी लिहावीत, म्हणजे एक मासा तीन होणार नाहीत आणि असलेला हरवणार नाही. नमुना बरणीत जाण्याआधी जिवंत असताना, उजेडासमोर धरून त्याचा फोटो घ्यावा. आणि निवडायला मच्छीमारांना शेजारी बसवावं. शास्त्राला उशिरा सुचलेली वाटणी त्यांची बोटं रोज करतात.

मामांना मी पेटी दाखवली आणि दोन्ही नावं सांगितली. त्यांनी ती एकदा मोठ्यानं म्हणून पाहिली. चांदा हा शब्द त्यांना लगेच आवडला. मग त्यांनी पेटी माझ्या हातून घेतली, गुडघाभर पाण्यात उतरून ती कलती केली. चार मासे बाहेर पडले. पहिल्या हातभर अंतरात ते दिसले, नंतर फक्त चार काळे डोळे दिसले, आणि मग पाण्यातला उजेड.